सुतकातला धडा

माद्रिद, ता. ९ मार्च १९३४

चि. शामसुंदर यास सातासमुद्रांपलीकडून त्र्यंबकदादाचे मनःपूर्वक आशीर्वाद.

आई गेल्याचे आणि दिवसकार्य उरकल्याचे तुझे पत्र चार दिवसांपूर्वी पोचले. तेव्हापासून दहा दिवसांचे सूतक धरले आहे. स्नान शीतोदकाने, पाकसिद्धी स्वहस्ते. प्रकृती उत्तम आहे, चिंता नसावी.

सुतकात अध्ययन वर्ज्य, म्हणून या व्याकरणवाचस्पतीने स्पॅनिशची शिकवणीही स्थगित केली. गेले दोन महिने ‘त्याला’, ‘तिला’ आणि भूतकाळ एका वाक्यात आले की माझी यथासांग मानहानी होत असे. मला शिकवणाऱ्या घरमालकीण पिलारबाई पुस्तक घेऊन दारात आल्या. कारण सांगताच त्यांनी हळूच, स्पॅनिशमध्येच विचारले,

“पंडित, तिला शेवटचे पाणी कुणी पाजले?”

“भावाने तिला पाजले.”

“तिला स्मशानात कुणी नेले?”

“भावाने तिला नेले.”

“आणि तुम्ही?”

“मी तिला सोडून आलो.”

तिन्ही वाक्ये निर्दोष होती. बाईंनी शाबासकी दिली नाही. पुस्तक मिटून त्या माझ्याजवळ जिन्यात बसून राहिल्या.

तुझी सौ. मालिनी हिचा खोकला कसा आहे?

रामकुंडावरील दहाव्याचे तू सविस्तर लिहिलेस. मात्र पिंडाला कावळा केव्हा शिवला, याविषयी मौन पाळलेस. थोरला मुलगा तिथे नसताना तो सहजासहजी शिवला नसणार. अखेर आईला कोणते वचन दिलेस, ते लिही. ते माझ्याच नावाचे असणार, आणि मला ते पाळायचे आहे.

तुझा,
दादा