डावीकडची काळी पट्टी

६ मे
सरगूरचं माझं घर बंद करून काल म्हैसूरला अण्णाच्या घरी राहायला आले. गुंडेराव माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा. लग्न केलं नाही, जन्मभर कॅमेरा गळ्यात घालून हिंडला. फेब्रुवारीत गेला. त्याच्या स्लाइडांच्या चाळीस पेट्या आता मी सांभाळायच्या. सूनबाई सौम्या म्हणाली, अत्ते, तुम्हाला जमेल का? अय्यो, जन्मभर डाळ निवडलेल्या बाईला फोटो पुसणं जड का? मदतीला नात आहे, वर्षिणी, सहा वर्षांची. वही तिनंच दिली. चौथीपर्यंतच शिकले मी, पण अक्षर बरं आहे की!

८ मे
काय एकेक गावं! बदामी, दार्जिलिंग, रामेश्वर. पुठ्ठ्याच्या चौकटीत एवढीशी फिल्म, दुपारी पडदे ओढून यंत्रात घातली की सगळी भिंत भरते. वर्षू टाळ्या वाजवते. पण प्रत्येकीच्या डाव्या कडेला काळी चिकटपट्टी, मेली डांबरासारखी. इतका नीटनेटका माणूस आणि हे काय! नखानं खरवडून तीन पेट्या लख्ख केल्या. झाकणावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. ते आपल्याला कुठलं येतंय.

१० मे
गंमत! पट्टीखाली बाई आहे. हिरवी साडी, लांब वेणी, पाठमोरी. बदामीला तीच, दार्जिलिंगला तीच. म्हणजे लबाडानं मैत्रीण लपवली होती! मी आणि वर्षू पोट धरून हसलो. शेजारच्या सीतालक्ष्मीला सांगितलं, तर ती हसेना. म्हणाली, अण्णा दरवेळी एकटेच जायचे, आणि यंत्र लावलं की लहान मुलांना घरात घ्यायचे नाहीत.

११ मे
बदामी परत लावली. काल नुसती वेणी होती. आज कान दिसतो, गालही. माझी नजरच गेली म्हणायची, वय झालं.

१२ मे
सौम्यानं झाकण वाचलं. पट्टी काढू नका, ती बाई चालते, एवढंच. अण्णामामांचं शेवटी डोकं फिरलं होतं म्हणून ती हसली, कडकोळला कामाला गेली. मी नव्या पट्ट्या आणल्या, लावायला बसले. तिन्ही पेट्या पाहिल्या. बाई एकीतही नाही. तिची जागा रिकामी.

१३ मे
वर्षू म्हणते, हिरव्या साडीची आंटी विचारते, फिरायला येतेस का. कुठं दिसली विचारलं. स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. सौम्याला फोन केला, पोरीला घेऊन जा म्हटलं. सुट्टी टाकून येते म्हणाली.

दुपार
वर्षू नाही. कडी आतून आहे. चपला जागेवर. माळा पाहिला, पलंगाखाली, न्हाणीघर —

यंत्र लावलं. बदामी. बाई आहे. हात धरून पिवळा फ्रॉक. सकाळी मीच वर्षूला घातलेला.

दार्जिलिंग — दोघी कडेच्या जवळ. रामेश्वर — आणखी एक पाऊल. कड संपली की —

पट्टी लावली तर दोघी झाकल्या जातील. काय करू अण्णा —

कात्रीनं दोऱ्याएवढी बारीक कापली. दोन हातांच्या मधे बसवायची. वर्षू, अज्जी इथं आहे, सोड तिचा हात —

वर्षू वळली. माझ्याकडे बघते आहे. बाईची बोटं उघडीच आहेत. धरलंय ते वर्षूनंच, घट्ट, आणि दुसरा हात माझ्याकडे, चल म्हणून —