नागमणीचा ताणा

सोमवार, ४ जून १९३४
आज सोलापुरात माझं स्वतःचं बिऱ्हाड झालं! एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि आबांनी घेऊन दिलेलं पेन. मुलींच्या शाळेत नोकरी, साखर पेठेत खोली. आबा पोचवायला आले होते. अकलूजला परतताना मोटारीच्या कंडक्टरलासुद्धा सांगून गेले, "आमच्या घरातली पहिली बी. ए." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, बरंही वाटलं.
घरमालकीण सुंदरम्मा तेलुगू, विणकर. भाड्याआधी तिने वय विचारलं. बावीस म्हटल्यावर माझी वेणी हातात घेऊन बोटांवरून सोडली, सूत पारखावं तशी.

शुक्रवार, ८ जून
सुंदरम्माची एकुलती एक मुलगी नागमणी दोन वर्षांमागे तापाने गेली. आज बावीस वर्षांची असती. ती शाळेत कधी गेलीच नाही, मागावरच वाढली. तिचं शेवटचं लुगडं अर्धवट राहिलं आहे. मागावर ताण्याचं, म्हणजे उभं, सूत हातभरच उरलंय. सुंदरम्मा ते तोडू देत नाही.
सुताच्या कांड्या भरायला येणारी केराबाई मला म्हणाली, "चार भाडेकरणी माघारी धाडल्या की म्हातारीनं. तुमीच कशा पसंत पडलासा?" मी म्हटलं, शिकलेली म्हणून असेल. ती हसली नाही.

मंगळवार, १२ जून
आमचा सौदा ठरला. मी सुंदरम्माला अक्षरं शिकवायची, नागमणीच्या ताण्याला नवा ताणा जोडायला तिला मदत करायची. जुना ताणा संपला की तो काढून टाकत नाहीत. त्याच्या टोकांना नव्याची टोकं एकेक करून पिळून जोडतात. मग जुनं सूत नव्याला आपल्यामागे, मागाच्या फणीतून, आपल्याच वाटेने ओढून नेतं. किती सुंदर युक्ती!
मुकाट्याने जोडलेलं सूत सुटतं, असं ती म्हणते. म्हणून सुताच्या दर मुठीला एक आठवण सांगायची, खरी, स्वतःची. खुळी समजूत आहे, पण दोन वर्षं ही बाई कुणाशी धड बोललेली नाही. पहिल्या मुठीला मी सांगितलं, आबा मला खांद्यावर बसवून नीरेच्या पाण्यातून शाळेत न्यायचे आणि मी त्यांची टोपी गच्च धरायची. सुंदरम्मा पुटपुटत गाठ पिळत होती.
तिला पहिला शब्द शिकायचा होता: नागमणी. अक्षर वाकडं आलं, पण आलं.

बुधवार, २० जून
वर्गात एका मुलीने विचारलं, बाई, लहानपणी तुम्ही शाळेत कशा जायचात? मला सांगता येईना. घरी येऊन बारा तारखेचं पान वाचलं. अक्षर माझंच आहे. नदी, खांदा, टोपी. दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं वाटलं.
दमले असेन. लिहिताना टेबलाखाली पाय आळीपाळीने दाबले जातात, मागाच्या पावड्यांवर असल्यासारखे. मी मागावर कधीच बसलेली नाही.

सोमवार, २५ जून
केराबाईने नळावर गाठलं. "तिला अम्मा म्हणता व्हय आता? नागीसारकं चालाया लागलासा. पळा की बाई हितनं!" मी हसले. तिचा चेहरा पांढरा पडला. नागी हसताना तोंडावर तळवा धरायची म्हणे.
माझा तळवा तोंडावर होता.
आज जोडायला बसणार नाही म्हणून सांगितलं. सुंदरम्माने माझे पाय धरले. रडत म्हणाली, "गळ्यापर्यंत वर आली गं माझी पोर. आता परत लोटू तिला?"
मी बसले. का बसले—

शुक्रवार, २९ जून
अकलूजहून एका गृहस्थांचं पत्र आलं. विजू, तुझं पत्र का नाही, डोळे वाटेकडे लागलेत. खाली सही: कोंडीबा. कुणी तरी भला म्हातारा आहे. वाचून फार रडू आलं. कारण कळेना.

रविवार
एकच मूठ उरली आहे. वही पहिल्यापासून वाचली. ते गृहस्थ म्हणजे आबा. माझे आबा.
शेवटच्या मुठीला तिला फक्त माझं नाव हवंय. ते देणार नाही. तळहातावर शाईने लिहून ठेवलंय: विजयमाला. खाली: अकलूज. सकाळी मोटार. विसरायचं नाही. विसरायचं—

सकाळ
तळहात कुणी पुसला? आता तिथे वाकडी, मीच शिकवलेली अक्षरं— नागमणी.
ट्रंक उचलते आहे. मोटार कुठल्या गावची—
अम्मा हाक मारते. माझ्या नावाने नाही. ओ द्यायची नाही. दुसरी हाक. ओठ दाबून धरले—
"वस्तुन्ना, अम्मा." ‘येते’ म्हणून, तेलुगूत, हे कोण बोललं—
तिने शेवटची मूठ पिळली. माग चालू झाला. पाय तर इथेच, टेबलाखाली—
या वहीत किती बारीक, देखणं अक्षर आहे. कुण्या शिकलेल्या बाईचं. काय लिहिलं असेल. मला कुठं लिहा-वाचा—