बिनकाट्याचा गळ आणि दत्तोबांचा कान

मुक्काम चिंचवड,
दिवाळीनंतरचा शनिवार, १९५७

तीर्थस्वरूप सयाजीमामांच्या पायांवर भाचा ज्योतीराम याचं डोकं. मामींच्याही पायांवर तेच डोकं, पण जरा जास्त वेळ, कारण करंज्यांचा डबा मी अजून परत पाठवलेला नाही. (डबा घरमालकिणीने लोणच्यासाठी नेला आहे. तिच्याकडे गेलेली वस्तू परत येते असा या आळीत कुणाचा अनुभव नाही.) आपला गुडघा कसा आहे? वैद्यांनी थंड पाण्यात उभं राहू नका म्हणून बजावलं होतं, ते आपण ऐकलं नसणारच. निदान मामींना दिसेल अशा घाटावर तरी उभे राहू नका. माझी प्रकृती उत्तम असून मन मात्र ठिकाणावर नाही. ते का नाही हे सांगण्यासाठीच हा कागद घेतला आहे, पण ते एकदम सांगता येणार नाही, कारण सुरुवात गळांपासून करावी लागते.

मी कराड सोडताना आपण मला आपल्या खास डबीतले गळ दिले होते. आपण ते देताना तोंड फिरवलं होतं, हे मी विसरलेलो नाही. चिंचवडच्या खोलीत ओल फार, त्यामुळे पावसाळ्यात सगळे गळ गंजले. आमच्या कंपनीत माझ्या शेजारच्या बाकावर भैरू म्हणून एक पोरगेलासा गडी काम करतो. रावेतचा, शेतकऱ्याघरचा, स्वभावाने गाईहून गरीब. त्याला म्हटलं, बाबा, माझी शिफ्ट बदलली आहे, फावल्या वेळात एवढे साफ करून ठेव. आता आमच्याकडे फोरमन रंगराव म्हणून आहेत, त्यांचा एकच मंत्र आहे. लोखंडाचा कुठलाही तुकडा कापला की कडेला जी बारीक कुसळं राहतात त्यांना इथे बर म्हणतात, आणि बर असलेला जॉब रंगराव तोंडावर फेकून मारतात. त्यांनी भैरूला शिकवलंय की जॉबवरून नख फिरवायचं, जिथे अडकेल तिथे कानस चालवायची. भैरूने माझ्या गळांवरून नख फिरवलं. गळाच्या टोकापाशी मासा सुटू नये म्हणून जो उलटा काटा असतो, तिथे ते अडकलं. पुढचं मी लिहायला नको. सगळे गळ त्याने असे गुळगुळीत करून आणले की नव्या नवरीच्या पैंजणाला लावावेत. वर मला म्हणतो, कुठल्या कारखान्याचा माल हाय दादा, प्रत्येक नगाला एकाच जागी बर. मी विचारलं, मग टोक तेवढं का ठेवलंस? तर म्हणाला, ते ड्रॉइंगमधलंच असंल असं वाटलं. (त्याच्या घरात तीन पिढ्या माळकरी. गळ त्याने जन्मात हातात धरलेला नव्हता.)

आपण आत्ता हे वाचताना काय बोललात ते मला इथवर ऐकू आलं. पण मामा, मी त्याला रागाचा एक शब्द बोललो नाही. बोलणार कसा? भैरूच्या डब्यातली भाकरी मी वर्षभर खात आलो आहे आणि ती भाकरी त्याची बहीण भागू थापते. आधी मी भाकरीची तारीफ करायचो. मग एकदा भैरूला घरी सोडायला सायकलवरून रावेतला गेलो, तिथे भागूला पाहिलं, आणि तेव्हापासून तारीफ करायचं सोडलं, कारण ती भाकरीचीच आहे असं कुणाला वाटलं नसतं. भैरूमार्फत लग्नाचं बोलणं निघालं. मुलगा कामाचा आहे, कंपनीत कायम आहे, सगळं पसंत पडलं आणि गाडी अडली ती माशांवर. भैरूचे वडील दत्तोबा म्हणाले की जिवाला मारणाऱ्याच्या घरी मी पोरगी देणार नाही. मी तिथल्या तिथे तुळशीला हात लावून सांगितलं की आजपासून एकही मासा मारणार नाही. भागू दाराआड होती. मला तिची फक्त सावली दिसली, पण सावली हसली असं मला पक्कं वाटलं. तर अशी शपथ घेऊन मी खोलीवर येतो, मासेमारी संपली म्हणून उपाशी झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर भैरू ते गळ हातावर ठेवतो. मामा, मी मासा मारणार नाही म्हटलं होतं. धरणार नाही असं कुठे म्हटलं होतं?

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी पवनेवर बसू लागलो. आपण मला मासे धरायला शिकवलंत, तर या नव्या पद्धतीचे गुणदोष आपल्या कानी घालणं हे माझं कर्तव्यच आहे. गुण असा की मासा हातात आला की गळ नुसता कलता करायचा, तो अलगद निघतो. माशाचा ओठ फाटत नाही, आपलं बोट फाटत नाही. (कराडला नदीच्या संगमावर माझ्या अंगठ्यात गळ रुतला होता तेव्हा आपण चिमटा आणून काय केलंत ते आठवा. मला अजून चिमटा दिसला की अंगठा पाठीमागे जातो.) गांडूळही जीवच, म्हणून मी कणकेत हिंग घालून गोळ्या करतो, आणि मासे त्या अशा आवडीने खातात की त्यांच्यातही माळकरी असावेत. दोष असा की दोरी तसूभर सैल सोडली, तुम्ही शिंकलात, कुणी हाक मारली म्हणून मान वळवलीत, तर मासा गेलाच. काट्याच्या गळाला मासा लागला की आपण निवांत विडी पेटवायचात. इथे विडी नाही, तंबाखू नाही, मांडीवर डास बसला तरी तो बसू द्यायचा. पहिल्या महिन्यात मी एवढे मासे घालवले की ते मला ओळखू लागले असणार. हळूहळू हात बसला. धरायचं, तोंड बघायचं, सोडून द्यायचं. लोक मला खुळ्यात काढायला लागले, आणि रावेतला बातमी पोचायला किती वेळ लागणार?

गेल्या सुट्टीला मी असाच डोहाच्या काठी उभा होतो. काठी मागे घेऊन दोरी फेकली, तर दोरी पुढे येईना. बाभळीत अडकली असं समजून एक हिसका दिला. बाभळ ओरडली. मागे वळून बघतो तर दत्तोबा. मी काय उद्योग करतो ते बघायला ते दबकत येऊन माझ्या पाठीशी उभे राहिले होते आणि आपला गळ त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीत होता. मामा, संसार सुरू होण्याआधीच मी सासऱ्याला गळाला लावलं होतं. पण मी जवळ गेलो, गळ जरा कलता केला आणि तो लोण्यातून केस निघावा तसा निघाला. हळद लावावी एवढंही रक्त नाही. त्या गळाला आपला मूळचा काटा असता तर मी आज हे पत्र कुठून लिहीत असतो कोण जाणे. भैरूच्या कानशीला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

दत्तोबांनी कान चोळला, गळ हातात घेऊन न्याहाळला आणि मी मासा मारत नाही याची त्यांना खात्री पटली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. "सोडायचाच तर धरतोस कशापायी?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपणच एकदा धरून बघा. नाही नाही म्हणत त्यांनी काठी हातात घेतली, निव्वळ परीक्षा म्हणून. (घेताना इकडेतिकडे पाहिलं.) कणकेची गोळी पाण्यात बुडाली आणि थोड्या वेळाने काठीची कमान झाली. काय लागलं होतं देव जाणे, पण पाणी असं फिरलं की म्हैस उतरली असावी. दत्तोबांचं मुंडासं सुटलं, ते धोतरासकट गुडघाभर पाण्यात गेले, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी आयुष्यात फक्त आपल्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. मी ओरडत होतो की दोरी ताणून धरा, ताणून धरा. त्यांनी मला दाखवायला आनंदाने मान वळवली. दोरी सैल पडली. मासा गेला.

दत्तोबांच्या तोंडून एक शब्द निघाला, तो मी पत्रात लिहीत नाही. बाहेर आल्यावर मुंडासं पिळत माझ्याकडे न बघता म्हणाले, "हातात आल्यालं सोडायची ज्याला सवय, त्याच्या हाती पोरगी कशी द्यावी?" आणि चालते झाले. बघा म्हणजे. आधी मी धरत होतो म्हणून नकार होता, आता सोडतो म्हणून. चार दिवस मला जेवण गेलं नाही. भैरू डबा पुढे सरकवायचा, मी परत सरकवायचो. हसण्यावारी नेतो आहे खरं, पण मामा, भागू मिळाली नाही तर मला या गावात राहवणार नाही.

काल भैरूने घरची हकिकत सांगितली. दत्तोबा जेवताना तेच वाक्य पुन्हा बोलले. भागू चुलीपुढे बसली होती. तव्यावरची भाकरी उलटता उलटता, पाठ न वळवता ती म्हणाली, "काट्याच्या गळाला काय, काटाच धरतोय. मानूस झोपला तरी चालतंय. बिनकाट्याला मानसानंच धरून ऱ्हावं लागतं. मला तसाच पायजे." दत्तोबा पाणी प्यायले आणि म्हणाले, पोराचं वडीलधारं कोण असंल त्याला बोलवा. मामा, हे ऐकून मी मशिनच्या मागे जाऊन डोळे पुसले. रंगरावांनी विचारलं तर म्हटलं, डोळ्यात लोखंडाचं किटाळ उडालं.

मला वडील नाहीत. माझं वडीलधारं म्हणजे आपणच. मामींना घेऊन लवकर या, एवढीच पायांशी विनंती. लहानग्यांना गोड पापा.

आपला भाचा,
ज्योतीराम

ता. क. एक लहानशी गोष्ट राहिली. बोलणी चालू असताना घाबरून मी दत्तोबांना सांगून बसलो आहे की माझे मामाही माळकरी आहेत. तेव्हा येताना गळ्यात माळ घालून यावं, दोन दिवस पिठल्यावर काढावेत आणि कराडच्या मरळ माशाचं वर्णन करू नये. मामींना हे सांगू नका. त्यांना कळलं तर त्या माळ कायमचीच राहू द्या म्हणतील.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार एवढ्यात भैरू आला. दत्तोबांनी त्याला गुपचूप पाठवलंय. विचारतात की तुझे मामा नदीकाठचे, तर येताना काट्याचा चांगला गळ आणतील का? मारायचा नाही, तो एवढा गेलेला मासा एकदा डोळे भरून बघायचा आहे आणि सोडून द्यायचा आहे. मी म्हटलं, मामा तर माळकरी. भैरू म्हणाला, ते आमचे आबा विसरलेत आणि मी आठवण करून देणार नाही, त्यांचा जीव जाईल. तेव्हा वरचा ता. क. खोडला समजा. माळ नको, गळ आणा. मात्र तो दत्तोबांच्या हातात नदीवरच द्या, घरी काढू नका. तो भागूने पाहिला आणि माझा समजली, तर पुन्हा तिच्या दारात उभं राहण्याची माझी छाती नाही.