शेजारणीने दिलेलं अंडं

१८ मार्च, वोल्फ्सबुर्ग, संध्याकाळ

शेजारची म्हातारी पिसाने अंड्यावर मेणाची नक्षी काढत होती, ईस्टरची. मी विचारलं, "पोलंडच्या का तुम्ही?" माझ्या नातीने तिला जर्मनमध्ये सांगितलं. म्हातारी तडकलीच. "आम्ही सोर्ब! भाषा वेगळी, पण कुठून आलो नाही, जर्मनांच्या आधीपासून याच देशातले." तिचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं, म्हणून मुलाकडे राहते. आपल्या भाषेत बोलते, नातू जर्मनमध्ये उत्तर देतो. माझी नात तरी काय वेगळं करते?

मी रोज लेकाच्या मागे लागते, मला गावी पोचव. तो म्हणतो, पुढच्या वर्षी. पासपोर्ट त्याच्याच कपाटात. पण हिने कुठे पोचव म्हणायचं?

निघताना अंडं माझ्या हातात ठेवलं. आमच्यात अंडं घरात आणत नाहीत. देव्हाऱ्यात ठेवलंय. सून ओरडली तर ओरडू दे.