टॅन्झी घराण्याचं वावर

२ फेब्रुवारी. सकाळ.
आजपासून टॅन्झी घराण्याचा इतिहास. सुरू म्हणजे सुरू. रोज दोन तास. चाळीस वर्षं आयर्लंडातल्या लायट्रिमच्या या भागात टपाल वाटलंय, प्रत्येक वाट पाठ आहे. मला काय अवघड? ईस्टरपर्यंत पुस्तक हातात.

मुख्य मुद्दा: आमच्या वावराच्या भिंतीपलीकडची जमीनसुद्धा मुळात आमचीच. गिलरॉय लोकांनी दाबली. आजोबा तसं म्हणाल्याचं स्पष्ट आठवतं. (आजोबा गेले तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. पण काही गोष्टी कानात राहतात.) आताच्या शेजारी बार्टली गिलरॉयचं टपाल मी कायम सगळ्यात शेवटी टाकलं. निषेध म्हणून.

५ फेब्रुवारी.
चष्मा सापडत नव्हता. उद्यापासून चार तास.

९ फेब्रुवारी.
मोठा शोध! आमच्या चांगल्या वावराचं नाव गॅरीवान्त्री. इंग्रज मोजणीदारांनी आयरिश नावं कानाला येतील तशी लिहिली, त्यामुळे नाव उकलावं लागतं. मी उकललं: सरदारणीचं वावर. म्हणजे आम्ही सरदार.
माझ्या बायकोने, ऊनाने, एकतीस वर्षं शाळेत आयरिश शिकवलं. ती म्हणाली, "विधवेचं वावर. पहिलीतलं पोरही सांगेल."
तिला समजावलं, शाळेतलं आयरिश वेगळं, जुनं वेगळं. ती भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा जास्त.

१७ फेब्रुवारी.
फादर कॉस्टिगनना सांगून सभागृह ठरवलं. ८ मार्च, रविवार, चर्चमधल्या मिस्सानंतर. व्याख्यान: 'टॅन्झी: अन्याय सोसलेलं घराणं'. दुकानाच्या दारावर कागदही लावला. जमिनीच्या नोंदी यायच्या आहेत, पण ती केवळ औपचारिकता.
दुकानात बार्टली भेटला. "काय फेस्टस, पूर्वज सापडले का?"
म्हटलं, "सापडतील. आणि काहींना जड जातील."
तो म्हणाला, "खालचा पाव घे, वरचा कालचा आहे."
घाबरलाय.

२६ फेब्रुवारी.
नोंदींच्या प्रती आल्या. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते दर वर्षी वेगळ्या शाईत. गॅरीवान्त्री, १८८१: ऑनोर गिलरॉय, विधवा. नावावर लाल रेघ. वर लाल शाईत: मायकेल टॅन्झी.
मायकेल म्हणजे माझे पणजोबा.
ऊनाने खांद्यावरून वाचलं. 'विधवा' शब्दावर बोट ठेवलं आणि भांडी घासायला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी.
कारकुनाची चूक असणार. किंवा तिने आपखुशीने दिली असेल. किंवा पणजोबांनी सांभाळायला घेतली असेल.

२८ फेब्रुवारी.
लायब्ररीत जुनं वर्तमानपत्र पाहिलं. खंड थकला म्हणून जमीनदाराने चार पोरांसकट बाहेर काढलं तिला. छप्पर ओढून पाडलं. तिच्या बाजूने म्हणून तीन महिने गावातल्या कुणीही त्या जमिनीला हात लावला नाही. मग एकाने घेतली.
नोंदीत पुढे: १९०३ साली तिचा थोरला मुलगा परत आला. भिंतीपलीकडचा खडकाळ तुकडा त्याला मिळाला. तोच, मी दाबलेला म्हणत होतो तो.
आज लिहिवत नाही.

४ मार्च.
घसा बसलाय. व्याख्यान रद्द करावं लागणार.
ऊनाने टॉर्च धरून तोंडात पाहिलं. "घसा ठणठणीत आहे. कान मात्र लाल झालेत."

८ मार्च.
सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत बार्टली, टाय लावून. तो मी त्याच्या अंगावर फक्त अंत्यविधीला पाहिलाय. टेकड्यांच्या नावांवर अकरा मिनिटं बोललो. मागून कुणीतरी विचारलं, "आणि अन्यायाचं काय झालं?"
म्हटलं, कागद अजून यायचेत.
कागद कोटाच्या आतल्या खिशात होते. पहिली टाळी बार्टलीने वाजवली.

९ मार्च.
सांगायचंच असं ठरवून, ऊनाने भाजलेला पाव घेऊन बार्टलीकडे गेलो. वाऱ्याबद्दल बोललो. मेंढ्यांबद्दल बोललो. परत आलो.

१२ मार्च. संध्याकाळ.
सांगितलं. कागद त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने चष्माही लावला नाही. "ऑनोर. माझी पणजी." त्याला लहानपणापासून ठाऊक. गावालाही ठाऊक.
"मग मला कुणी सांगितलं का नाही?"
"तुझ्या बापाला माहीत होतं की. आमचं जळणाचं टर्फ दर उन्हाळ्यात दलदलीतल्या मातीतून तोच कापायचा, वाळवायचा, दारात आणून रचायचा. तुला काय वाटलं, हौस म्हणून?"
मला तसंच वाटलं होतं. बाबा गेले त्याच वर्षी मी ते बंद केलं. वर बार्टलीला ऐकवलंही होतं, की असली फुकटची हमाली टॅन्झींना शोभत नाही.
टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवल्या. मग म्हणालो, या उन्हाळ्यापासून मी आणून टाकीन.
"आता तेलावरचा हीटर बसवलाय रे," बार्टली म्हणाला. "चार वर्षं झाली."
मग त्याने चहा केला. न विचारता दोन चमचे साखर. मी बिनसाखरेचा पितो.
प्यायलो.