रोजची एक चूक

आजी, शुक्रवारी मी वर्गातल्या एका मुलीला खाली बसवलं. चौथीतली आहे, यंदाच आमच्या शाळेत आली, आणि जूनपासून तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. हजेरीलासुद्धा नुसता हात. मी तुझ्यासारखीच रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करते, हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. पोरांनी ती शोधायची, सापडली की टाळ्या. शुक्रवारची चूक मागच्या बाकावरच्या टोळीने दोन मिनिटांत पकडली, टाळ्या झाल्या, आणि मग हिचा हात वर. "बाई, अजून एक आहे." मी म्हटलं, "रोज एकच असते गं. बस खाली." वर्ग हसला, ती बसली. शाळा सुटल्यावर फळा पुसायला वळले तेव्हा माझ्या लक्षात आलं. एस.टी. सकाळी दहा चाळीसला सुटून दुपारी सव्वा एकला पोचते, आणि मी प्रवास लिहिला होता तीन तास पस्तीस मिनिटांचा. एक तास मी पदरचा घातला होता.

तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. कोकणातल्या त्या लहानशा बंदराच्या गावात जन्मभर पहिली ते चौथी शिकवून तू लालबागला आमच्याकडे आलीस, तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबांना वाटलं, आता आई आराम करेल. आईला वाटलं, स्वयंपाकघरात दोन हात वाढले. तू आठव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं एक दार बिजागऱ्यांसकट उतरवलंस, त्याला काळा रंग दिलास आणि चाळीतल्या पोरांसाठी फळा म्हणून गॅलरीत कठड्याला टेकवून उभं केलंस. "आईंनी माझ्या डब्यांवरचं दार नेलं," असं आई पुढे कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग तिने तिथे जुन्या साडीचा पडदा लावला आणि बोलायची थांबली. दुपारी चार वाजता तू इस्त्रीची साडी नेसून, केसांचा अंबाडा घट्ट करून, आमच्या दारातून दोन पावलांवरच्या शाळेत जातेस. हो, जातेस. चपला घालून. उन्हाळ्यात खालच्या गिरणीत मसाला कुटायला लागले की तिखटाने अख्खा वर्ग शिंकायचा आणि तू खडू हातात धरून शांत उभी. "झालं शिंकून? मग सातचा पाढा."

आणि रोज ती एक चूक. सहा पायांचा कोळी, पश्चिमेला उगवणारा सूर्य, बत्तीस दिवसांचा महिना. पोरं फळ्याला डोळे लावून बसायची, कारण बाईंना पकडायचं होतं. एकदा शेजारच्या खोलीतल्या मुलीने भलतीच, बरोबर असलेली गोष्ट चूक म्हणून सांगितली आणि मी फिदीफिदी हसले. तू मला तिथे काही बोलली नाहीस. घरात आल्यावर, चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "चूक शोधायला उठलेलं पोर चुकलं, तर त्याला हसायचं नाही. ते पुन्हा उठत नाही." बस, एवढंच. तू कधी माझ्यावर हात उगारला नाहीस, पण त्या दिवशी मारलं असतंस तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मी दहा वर्षांची असतानाचा तो दिवस. कोळ्याचे पाय मोजून झाले होते, टाळ्या झाल्या होत्या. मी उठले. "आजी, अजून एक. पंधरा डझन आंबे म्हणजे एकशे साठ नाही, एकशे ऐंशी." तू फळ्याकडे वळलीस. मला वाटलं, आता तू म्हणशील की हीसुद्धा मीच घातली होती, बघत होते कुणाच्या लक्षात येते. सहज म्हणता आलं असतं, आजी, कुणाला कळलं असतं? तू पोरांकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, "ही मी मुद्दाम केलेली नाही. ही माझी खरी चूक आहे." मग खडू माझ्या हातात दिलास आणि स्वतः खाली, माझ्या जागेवर, पोरांमध्ये मांडी घालून बसलीस. इस्त्रीच्या साडीसकट. मी एकशे ऐंशी लिहिलं, आणि सगळ्यांत आधी टाळी तू वाजवलीस. इतकं उंच माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही, आणि ते त्या वेळी जमिनीवर बसलेलं होतं.

पुढे तशा चुका वाढल्या. दिवसाला दोन, मग तीन. दर वेळी तू ते तसंच सांगायचीस, खडू द्यायचीस, खाली बसायचीस. मग एका संध्याकाळी तू ते दार पुसून घरात आणलंस आणि आईला म्हणालीस, "घे गो तुझा दार. आता माका कळणा नाय, खयची मी मुद्दाम केलंय नि खयची आपोआप झाली." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तू तिच्यापुढची विळी ओढून भाजी चिरायला बसलीस. ज्या कामावर तू जगलीस ते तू असं, कुणी सांगायच्या आधी, स्वतःहून खाली ठेवलंस. मला अजून त्याचा अंत लागत नाही.

तू गेलीस तेव्हा बाराव्याला परळच्या एका इस्पितळातली नर्स आली होती, तुझ्या गावच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. आम्ही कुणी तिला ओळखत नव्हतो. ती म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं प्रमाण जास्त दिसलं, तर मी त्यांना थांबवते. बाकीच्या घाबरतात. मला बाईंनी चौथीतच सवय लावली." केळीच्या पानावरचा वरणभात तिने बोटं चाटून संपवला आणि ड्युटीला गेली. किती बायका, किती बाप्ये असे कुठे कुठे उभे राहून "जरा थांबा, हे परत बघा" म्हणत असतील!

तुझ्या पंक्तीत बसायचं म्हणून मी बाई झाले. तुझी चूक तेवढी उचलली. खाली बसणं राहून गेलं.

आज रविवार आहे. उद्या पहिल्या तासाला एस.टी.चं तेच गणित मी फळ्यावर तसंच लिहिणार, तिला पुढे बोलावणार आणि खडू तिच्या हातात देणार. ती उठेल की नाही मला माहीत नाही. तू म्हणाली होतीस, पुन्हा उठत नाही. सकाळपासून मी ते तुझं वाक्य मनात म्हणून बघतेय आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पाठवायचं कुठे? वहीतच राहील.

पण एक आहे, आजी. शाळा सुटल्यावर लक्षात आलं असं मी वर लिहिलंय, ते खरं नाही. ती खाली बसायच्या आतच मला कळलं होतं. फळा मी तेव्हाच पुसला.