चौथ्या ट्राउटमधले आबा

जळगाव, ११ नोव्हेंबर

भूपेंद्रभाऊ,

"तुझ्याकडे आबांचं आहेच काय? बापाच्या दहाव्याला नाही आलीस तू!" असं ओरडून काल फोन आपटलास. आता सगळं ऐकावं लागेल. आईचा गुडघा कसाय? वहिनीला नमस्कार.

मार्चमध्ये आमच्या लॅबला हिमाचलहून ट्राउट आले होते, सॅमनच्या भाऊबंदातले मासे. त्यांचा डीएनए वाचून एका वेबसाइटवर टाकायचा होता. जगभरचे लोक तिथून या माशांच्या जनुकांची माहिती उतरवून घेतात. कल्ल्याचे तुकडे मी कापायचे होते. आपल्या घरात अंडंसुद्धा कुणी शिवत नाही. तीन मासे कसेबसे कापले, चौथ्यापाशी उलटी झाली. आबा डोळे तपासायला जळगावला आले होते, मला डबा द्यायला आत शिरले.

"तू बाजूले व्हय. मासाच शे, वाघ नई."

हातमोजे त्यांच्या पंजात शिरेनात. उघड्या हातानं कापला. मग तीनदा साबण लावून म्हणाले, "घर नको सांगू. तुनी माय माले चुलीजोडे बसू देवाव नई."

लॅबच्या सरांना मी सांगितलं, चारही मीच कापले, मोजे घालून.

मेमध्ये आबा गेले. दहाव्याला तुम्ही पारोळ्यात पिंड ठेवत होता, तेव्हा मी ही माहिती चढवत बसले होते. शेवटची तारीख आहे म्हणाले ना मी तुला? नव्हती. मला त्यांचा हार घातलेला फोटो बघायचा नव्हता.

ऑगस्टमध्ये वेबसाइटवाल्यांनी मला कळवलं, चौथ्या ट्राउटमध्ये माणसाचा डीएनए मिसळलाय. मी तो वेगळा काढून माझ्याशी लावून पाहिला. अर्धा जुळला.

तेव्हापासून रोज ती नोंद उघडते. चारच अक्षरं रे, पुन्हा पुन्हा तीच. ती पडद्यावर सरकायला लागली की मागं कुणीतरी खाकरतं. मी वळत नाही. वळले तर थांबेल.

परवा नॉर्वेहून एका मुलीचा मेल आला. त्या नोंदीवर भरवसा ठेवून तिनं चार महिने काम केलं, सगळं वाया गेलं. मी ऑगस्टमध्येच सरांना बोलले असते तर तिचे तीन महिने वाचले असते.

आज सरांना खरं सांगणारे. नोंद काढून टाकणार, माझ्याजवळची प्रतही. ज्यांनी आधीच उतरवून घेतलीय त्यांच्याकडे आबा राहतील. कुठल्या देशात, कुणाच्या मशीनमध्ये, आपल्याला कधी कळणार नाही.

फोन केला असता तर "राहू दे" म्हणाला असतास, आणि मी राहू दिलं असतं. पत्र पोचेपर्यंत झालेलं असेल. आईला माशाचं सांगायचं की नाही, तू बघ.

सरांची गाडी लागली खाली. जाते.

मयुरी